निष्ठेची कसोटी : ‘अरुणोदय’ आणि ‘स्मृतिचित्रें’

मराठी आत्मचरित्रांच्या चर्चेंत लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’चें नांव निघालें म्हणजे ऐकणाराच्या मुद्रेवर प्रथम हास्य उमटतें. टिळकांचा लहरी स्वभाव, घरांत पैसा म्हणून न टिकणें, बाईंच्या वडिलांचें पराकोटीचें सोवळें, खुद्द बाईंचा भाबडेपणा आणि त्या भाबडेपणाआड दडलेली तीक्ष्ण नजर, ह्यांच्या आठवणी सांगतां सांगतां बैठकीस वेळेचें भान राहत नाहीं. ह्या हास्यास आमचा मुळींच विरोध नाहीं; मराठींत इतकें निर्मळ हसविणारीं पुस्तकें फार थोडीं आहेत. परंतु हें पुस्तक मुळांत कशाविषयीं आहे, असा प्रश्न कोणीं केला, तर ‘एका गमतीदार संसाराविषयीं’ एवढें उत्तर पुरें पडेल काय? ज्या संसारांत नवरा एके दिवशीं धर्म सोडतो, बायको लहान मूल घेऊन आप्तांच्या आश्रयास राहते, आणि कित्येक वर्षांनीं तीच बायको आपल्या पायांनीं त्या परधर्मीय नवऱ्याच्या घरीं जाऊन पुढें त्याच धर्मांत जन्मभर स्थिर होते, त्या संसारास गमतीदार म्हणून मोकळें होण्यांत आम्हां वाचकांची कांहीं सोय तर नाहीं ना, अशी आम्हांस शंका येते.

निष्ठेच्या वाङ्मयाचें परीक्षण करतांना एक अडचण नेहमीं आड येते. लेखकाची निष्ठा ज्या वाचकाला आपलीशी वाटते, त्याला ग्रंथ सहजच थोर वाटतो. ज्याला ती परकी वाटते, त्याला ग्रंथच परका होतो. ख्रिस्ती मराठी वाङ्मयाच्या वांट्यास हें दुसरें दैव फार काळ आलें. मिशनच्या छापखान्यांतून निघालेलें पुस्तक म्हणजे प्रचार, अशी समजूत करून घेऊन आमच्या पांढरपेशा घरांनीं तें बाजूस सारलें. उलटपक्षीं ख्रिस्ती मंडळ्यांतून तींच पुस्तकें केवळ बोधासाठीं वाचलीं गेलीं. वाङ्मय म्हणून पाहणारा डोळा दोहींकडे मिटलेलाच. आम्हांस येथें पाहावयाचें आहे तें एवढेंच, कीं घरदार, जात व लौकिक गमावूनही ख्रिस्तावरील श्रद्धेस धरून राहिलेल्या माणसांचा अनुभव मराठींत कितपत खरेपणानें उतरला आहे.

त्या काळच्या बहिष्काराची कल्पना येण्यास आजच्या वाचकास थोडा प्रयास पडेल. १८५० च्या कायद्यानें, धर्म बदलल्यामुळें वारसाहक्क जाऊं नये, अशी तजवीज केली. १८६६ च्या कायद्यानें, ख्रिस्ती झालेल्या मनुष्याचा जोडीदार केवळ धर्मांतराच्या कारणानें नांदावयास तयार नसेल, तर तें विवाहबंधन तोडून घेण्याची वाट करून दिली. पण कायद्यानें फार तर जमिनीचा वांटा मिळे. पंक्तींतलें पान मिळत नसे. परत फिरण्याची वाट तर त्याहून अरुंद. १८४३ सालीं श्रीपत शेषाद्रि हा मुलगा मिशनऱ्यांच्या घरीं राहून आला, त्याचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. त्याला प्रायश्चित्त देऊन जातींत घ्यावें म्हणून बाळशास्त्री जांभेकर पुढें सरसावले, तेव्हां सनातन्यांनीं खुद्द बाळशास्त्र्यांवरच शस्त्र उगारलें. श्रीपतचा वडील भाऊ नारायण मात्र परत फिरलाच नाहीं. पुढें तो पाळक झाला आणि जालन्याजवळ बेथेल नांवाची वसाहत त्यानें उभी केली. एकाच घरांतले हे दोन भाऊ, एक उंबऱ्याच्या आंत आणि एक बाहेर, हें चित्र डोळ्यांपुढें ठेवून पुढील दोन ग्रंथांकडे वळावें.

बाबा पद्मनजींचा ‘अरुणोदय’ हा एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकांतला ग्रंथ. बाबांचा जन्म १८३१ मध्यें बेळगांवीं झाला, आणि १८५४ मध्यें त्याच गांवीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. ‘यमुनापर्यटन’ ह्या १८५७ च्या कादंबरीमुळें वाङ्मयेतिहासांत त्यांचें नांव कायम झालें आहे. ‘अरुणोदया’कडे मात्र त्या मानानें फार थोड्यांचें लक्ष जातें, आणि हा अन्याय आहे असें आम्हांस वाटतें. एका बुद्धिमान तरुणाच्या मनांत संशय कसा शिरतो, घरचे देव व घरचे आचार ह्यांच्यावरील त्याचा विश्वास एकेक करून कसा ढळतो, आणि नव्या विश्वासाकडे जातांनाही त्याचे पाय कसे अडखळतात, ह्याचा इतका तपशीलवार वृत्तान्त त्यापूर्वीं मराठींत कोणीं दिला नव्हता. परमहंस सभेचें प्रकरण तर ह्या दृष्टीनें फारच उद्बोधक आहे. मुंबईची ही सभा जातिभेद मोडण्यासाठीं निघाली. पण तिचे सभासद तो मोडीत ते दार लावून! बाबा त्या सभेचे सभासद होते. पुढें १८६० च्या सुमारास सभेचीं गुप्त कागदपत्रें बाहेर गेलीं आणि सभाच विराली. ज्या मंडळींना आपलें मत उजेडांत सांगण्याचा धीर झाला नाहीं, त्यांच्यांतूनच निघून बाबांनीं दिवसाढवळ्या बेळगांवांत, जेथें त्यांस सर्व ओळखत होते तेथें, बाप्तिस्मा घेतला, ह्यांतलें धैर्य ओळखण्यास ख्रिस्ती असण्याची गरज नाहीं.

परंतु ग्रंथाचें नांवच त्याची मर्यादा सांगतें. अरुणोदय म्हणजे दिवसाची सुरुवात. ऊन तापतें तें पुढें, आणि तें ह्या ग्रंथाच्या कक्षेबाहेर राहतें. बाप्तिस्म्यानंतर बाबा अर्ध्या शतकाहून अधिक जगले. १९०६ मध्यें ते वारले. त्या बावन वर्षांत आप्तांनीं तोडलेलेपण त्यांनीं कसें सोसलें, ज्या नव्या मंडळींत ते गेले तिनें त्यांस कितपत आपलें मानलें, एखाद्या सणाच्या दिवशीं मन मागें ओढलें गेलें कीं नाहीं, हें आम्हांस जाणून घ्यावयाचें असतें. आणि ग्रंथ तेथें हात आंखडता घेतो. शिवाय बाबांची लेखणी वादपटूची आहे. प्रसंग रंगूं लागला कीं लगेच त्यावर युक्तिवाद येतो, आणि युक्तिवाद आला कीं तो तरुण अदृश्य होऊन त्याच्या जागीं प्रौढ ग्रंथकार बोलूं लागतो. निर्णय बरोबर होता हें सिद्ध करण्याची त्यांस इतकी निकड, कीं त्या निर्णयाची किंमत काय पडली हें सांगावयास त्यांस उसंत सांपडत नाहीं. विश्वासाप्रत पोंचणें आणि विश्वासांत राहणें ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीचें वर्णन तर्कानें करतां येतें, दुसरीला रोजच्या दिवसाची हकीकत लागते.

ती हकीकत लक्ष्मीबाईंनीं लिहिली. ‘स्मृतिचित्रें’ १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालीं, म्हणजे ज्या घटनेभोंवतीं तीं फिरतात तिला तोंवर जवळजवळ चाळीस वर्षें लोटलीं होतीं. ती घटना वाचकांस ठाऊकच आहे. नारायण वामन टिळक राजनांदगांवकडे जात असतां आगगाडींत त्यांची एका मिशनऱ्याशीं गांठ पडली. त्यानें त्यांच्या हातीं नवा करार दिला. गिरिप्रवचनानें टिळकांचें मन वेधलें. आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो त्यांनीं मुद्दाम देशी पाळकाच्या हातून घेतला, हेंही लक्षांत ठेवण्यासारखें आहे. येथपर्यंतची कथा टिळकांच्या चरित्रकारानें सांगावी, आणि ती बहुधा ‘अरुणोदया’च्याच वळणावर जाईल. पण ‘स्मृतिचित्रां’त ही कथा सांगणारी व्यक्ति बाप्तिस्मा घेणारी नसून, ज्या व्यक्तीस न विचारतां तो घेतला गेला ती आहे. हा दृष्टिकोनांतला फरक साधा नाहीं. हुतात्म्याच्या बाजूनें लिहिलेलीं पुस्तकें जगांत पुष्कळ आहेत. हुतात्म्यानें मागें ठेवलेल्या घरांतून लिहिलेलीं थोडीं.

त्या घरांत काय झालें तें बाई लपवीत नाहींत. बातमी आल्यावर त्यांचें भान हरपल्यासारखें झालें. पंढरपूर व नाशिक येथें आप्तांच्या आधारानें त्यांनीं दिवस काढले. पदरीं लहान मुलगा होता. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, म्हणजे ना सवाष्णपण ना वैधव्य अशी त्यांची स्थिति झाली. ह्याच काळांत त्यांच्या तोंडून कविता निघूं लागली. शाळेचें तोंड न पाहिलेल्या आणि नवऱ्याच्या शिकवणुकीनें जेमतेम अक्षरओळख झालेल्या स्त्रीस दुःखानें कवित्व दिलें, हें वाक्य आम्ही सहज लिहून गेलों. बाईंनीं मात्र असलें वाक्य कोठेंही लिहिलेलें नाहीं. आपलें दुःख मोठें होतें असें वाचकास सांगण्याचा त्यांस संकोच वाटतो. त्या प्रसंग सांगतात, त्यांत स्वतःची फजिती सांगतात, आणि पुढें जातात. वाचक हसतो आणि पान उलटल्यावर त्याच्या ध्यानांत येतें कीं आपण एका अर्धवट वेड्या झालेल्या स्त्रीस हसलों.

आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष मोलाची वाटते. ज्या आप्तांनीं टिळकांना तोडलें त्यांस बाईंनीं खलपुरुष केलेलें नाहीं. ह्याच माणसांनीं बाईंना घांस दिला, आजारपणांत उशाशीं बसले, आणि टिळकांचें नांव निघतांच संतापले, हें सर्व एकाच मायेनें सांगितलें आहे. प्रचारकी ग्रंथांतल्या छळकऱ्यांची तोंडें सर्व सारखीं असतात. येथें प्रत्येक तोंड निराळें आहे. ह्यामुळेंच बहिष्काराची वेदना येथें खोल जाते. शत्रूनें दार लावलें तर त्याचें दुःख मर्यादित असतें. येथें दार लावणारा हात बहिणीचा, भावाचा, ज्यांच्यावर आपण प्रेम करतों व जे आपल्यावर करतात त्यांचा आहे. आमच्या घरांतून हें पुस्तक इतक्या प्रेमानें वाचलें जातें, परंतु वाचतांना आम्ही नेहमीं लक्ष्मीबाईंच्या शेजारीं बसतों. दार लावणारे आमचेच आजोबा-पणजोबा होते, हें आम्ही सोयीनें विसरतों.

आतां एक आक्षेप विचारांत घेतला पाहिजे, कारण तो जाणत्या वाचकांनींही घेतलेला आम्हीं ऐकला आहे. तो असा, कीं लक्ष्मीबाईंची ख्रिस्तनिष्ठा ही खरी धर्मनिष्ठा नव्हेच. ती पातिव्रत्याचेंच दुसरें रूप. नवरा जिकडे गेला तिकडे ती गेली. नवरा शैव झाला असता तर तीही झाली असती. आक्षेप वरवर सयुक्तिक दिसतो, आणि बाईंच्या विनोदी विनयानें त्याला खतपाणीही घातलें आहे. पण पुस्तकांतला काळाचा हिशेब पाहावा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मधला, बाईंचा १९०० मधला. मधलीं पांच वर्षें ही पतिव्रता नवऱ्याच्या धर्मास नकार देत राहिली. बरें, नवऱ्याकडे राहावयास गेल्या त्याही स्वतःचें सोवळें बरोबर घेऊन. चूल निराळी, पाणी निराळें. टिळकांनीं बळजोरी केली नाहीं, आणि १८६६ च्या कायद्यानें उघडलेल्या वाटेनेंही ते गेले नाहींत; ते थांबले. ज्या उतावळ्या मनुष्यास गाडी येईपर्यंत धीर धरवत नसे, तो ह्या एका बाबतींत वर्षानुवर्षें थांबला, हें त्यांच्या चरित्रांतलें आम्हांस सर्वांत मोठें आश्चर्य वाटतें.

बाईंच्या मनांतून विटाळ गेला तो शेवटीं त्यांच्या स्वतःच्या विचारानें. तो भाग पुस्तकांतला अत्यंत सुंदर भाग होय. ज्या मुलीच्या बापाच्या सोवळ्यापायीं घरांतली एकूण एक वस्तु धुतली जाई, तिनें जात हें देवाचें कीं माणसाचें, असा प्रश्न स्वतःस विचारावा, आणि उत्तर मिळतांच तें आचरून पाहावें, ह्यांत शास्त्रार्थ नाहीं, मिशनऱ्याचें व्याख्यान नाहीं. बाबा पद्मनजींना जेथें अनेक प्रकरणें लागलीं तेथें बाईंना एक घोट पाणी पुरतें. आणि ही गोष्ट एकदां झाल्यावर त्यांचें मन मागें वळल्याची खूण पुस्तकांत नाहीं. प्लेगच्या दिवसांत आजारी मुलींच्या शुश्रूषेस त्या उभ्या राहतात, तो प्रसंग ह्याच घोटाचा पुढला भाग आहे. शिवाशीव मनांत उरली असती तर तें काम त्यांच्या हातून झालें नसतें.

आक्षेपाचें खरें उत्तर मात्र ९ मे १९१९ नंतरच्या आयुष्यांत आहे. त्या दिवशीं टिळक वारले. ज्याच्यामागून त्या गेल्या असें म्हणतात, तो आतां पुढें चालत नव्हता. त्यानंतर बाई जवळजवळ सतरा वर्षें, फेब्रुवारी १९३६ पर्यंत जगल्या. पैशाची सुबत्ता कधींच नव्हती. ह्या सतरा वर्षांत त्या ख्रिस्ती राहिल्या, आणि नुसत्या राहिल्या नाहींत. टिळकांनीं आरंभ करून थोडेच अध्याय लिहून अपुरें ठेवलेलें ‘ख्रिस्तायन’ हें महाकाव्य त्यांनीं हातीं घेतलें आणि त्याचा फार मोठा भाग स्वतः रचला. हें काम करण्याची आज्ञा करणारा नवरा तेव्हां घरांत नव्हता.

टिळकांना आलेली विन्मुखता दुहेरी होती, आणि ह्या बाबतींत आमच्या टीकाकारांनीं पुरेसा विचार केलेला नाहीं. ब्राह्मणांनीं त्यांना टाकलें हें सर्वांस दिसतें. पण ज्या घरीं ते गेले तेथेंही त्यांचें पान सरळ मांडलेलें नव्हतें. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलों असें सांगणारा, अभंग व कीर्तन ह्यांतून येशूची भक्ति करणारा हा मनुष्य परदेशी मिशनच्या शिस्तींत मावण्यासारखा नव्हता. ‘ज्ञानोदया’चें मराठी अंग त्यांनीं सांभाळलें, उपासनेस लागणारीं गीतें त्यांनीं दिलीं, आणि तरी १९१७ मध्यें मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारण्याच्या खटपटीस ते लागले. बाप्तिस्मा झालेला व न झालेला असा भेद न करतां ख्रिस्तावर प्रेम करणारांस एकत्र आणावें, असा त्यांचा हेतु होता. ह्या शेवटच्या पर्वांत त्यांचा एक पाय कोठेंच नव्हता असें म्हणावें लागतें. ‘अभंगांजली’ वाचतांना जो एकाकी पण शांत स्वर ऐकूं येतो, तो ह्या दुहेरी बहिष्कारांतून आलेला आहे, असा आमचा तर्क आहे. टिळकांचीं फुलामुलांचीं गाणीं आम्ही शाळेंत शिकवितों. हे अभंग शिकवीत नाहीं, आणि कवीचा अर्धा भाग त्यामुळें मुलांपासून लपून राहतो.

हीच दुहेरी विन्मुखता पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत अधिक कठोर रूपानें दिसते. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्यें त्यांनीं मुंबईस शारदासदन काढलें, आणि तें पुण्यास नेल्यावर १८९३ मध्यें धर्मांतराच्या संशयावरून पुण्यांत जें वादळ उठलें त्यांत रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतकही सल्लागार मंडळांतून बाहेर पडले, व कित्येक मुली पालकांनीं काढून नेल्या. इकडे हें, तर तिकडे इंग्लंडांतील धर्मभगिनी व बिशप त्यांच्यावर स्वमताग्रहाचा व अवज्ञेचा ठपका ठेवीत होते. १९७७ मध्यें छापला गेलेला त्यांचा पत्रव्यवहार ज्यानें वाचला असेल, त्यास ह्या बाईचा कणा केवढा ताठ होता हें सांगावयास नको. श्रद्धा आपण स्वीकारली ती ख्रिस्तावरची. एखाद्या पंथाची गुलामगिरी स्वीकारलेली नाहीं, हें त्या पुनः पुनः निक्षून सांगतात. परंतु रमाबाईंनीं ‘स्मृतिचित्रां’सारखें पुस्तक मराठीस दिलें नाहीं. त्यांची निष्ठा केडगांवच्या मुक्तिसदनांत आणि मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेल्या बायबलाच्या भाषांतरांत खर्ची पडली. तें भाषांतर साध्या बायकांना कळावें म्हणून साध्या मराठींत केलेलें. १९२१ मध्यें त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. त्यानंतरही काम चालूच राहिलें, आणि तें हातावेगळें झाल्यावर ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंनीं देह ठेवला. त्यांच्याकडून आत्मचरित्राची अपेक्षा करणें म्हणजे बैलानें नांगरही ओढावा आणि नांगराचें वर्णनही लिहावें असें म्हणण्यासारखें आहे.

‘स्मृतिचित्रें’ निर्दोष आहेत असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. टिळकांच्या निधनानंतरच्या भागांत घटनांची वीण सैल होते. माणसें येतात आणि ओळख पटण्यापूर्वींच जातात. त्याहून मोठी उणीव ही, कीं बाई प्रार्थना करीत तेव्हां त्यांच्या मनांत काय चालत असे, ह्याचा पत्ता वाचकास फारसा लागत नाहीं. टिळकांच्या श्रद्धेविषयीं त्या जितकें मोकळेपणानें बोलतात तितकें स्वतःच्या श्रद्धेविषयीं नाहीं. येथें ‘अरुणोदय’ सरस ठरतो. बाबांनीं मनाचा कोपरा न्‌ कोपरा उघडून दाखविला आहे. बाईंचें मौन आम्हांस कधीं कधीं खटकतें, आणि कधीं असें वाटतें, कीं सोवळ्यांत वाढलेल्या त्या स्त्रीनें देवघराचें दार तेवढें शेवटपर्यंत लोटलेलेंच ठेवलें. वाचकानें कोणता अर्थ घ्यावा हें ज्याच्या त्याच्यावर.

तें दार थोडें किलकिलें दिसतें तें ‘ख्रिस्तायना’ंत. हें काव्य बाईंच्या मृत्यूनंतर १९३८ मध्यें प्रसिद्ध झालें, आणि ‘स्मृतिचित्रां’च्या शंभर वाचकांत एकानेंही तें हातीं धरलें असेल कीं नाहीं ह्याचा आम्हांस संशय आहे. नांवावरून रामायणाची परंपरा स्पष्ट आहे. टिळकांचा भाग अधिक रेखीव, पंडिती वळणाचा. बाईंच्या रचनेंत घरगुती बोलीचा जिव्हाळा आहे व छंदाची पकड मधूनमधून ढिली पडते. परंतु स्वजनांनीं नाकारलेल्या ख्रिस्ताची कथा, स्वजनांनीं टाकल्याचा अनुभव अंगावर काढलेल्या बाईनें, वृद्धापकाळीं, नवऱ्याच्या अर्धवट राहिलेल्या वहीपुढें बसून रचावी, ही गोष्ट ध्यानांत ठेवून ते अध्याय वाचले, तर छंदाच्या दोषांकडे लक्ष जाण्यास बराच वेळ लागतो. हें काव्य आज दुकानांत सहज मिळत नाहीं. जुन्या ग्रंथसंग्रहालयांतून शोधावें लागतें. ज्यांच्या घरीं ‘स्मृतिचित्रें’ आहेत त्यांनीं तो शोध घ्यावा, आणि आरंभ पहिल्या अध्यायापासून न करतां, बाईंचा हात जेथून लागतो तेथून करावा, अशी आमची सूचना आहे.